चहा-बिस्किटांची सवय आणि घरची नानकटाई

थंडी पडली की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या मुलांची गर्दी वाढते. गेल्या महिन्यात अशाच एका सात वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली. खोकला किरकोळ होता. पण डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरी फटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. ''खातो काय?'' असे विचारल्यावर आई म्हणाली, ''सकाळी चहा-बिस्कीट, शाळेतून आल्यावर पुन्हा चहा-बिस्कीट. जेवायला भूकच नसते. आणि डॉक्टर, ताप आला होता तेव्हा चहा-बिस्कीट द्या, असे तुम्हीच सांगितले होते.''

मला उत्तर सुचले नाही. तिचे खरे होते. पचायला हलके म्हणून 'चहा-बिस्कीट द्या' हे वाक्य मी वर्षानुवर्षे सांगत आलो. ते दोन दिवसांसाठी होते. घरोघरी ते बारमाही झाले. म्हणून आज हा लेख.

बहुतेक बिस्किटांत मुख्य जिन्नस तीनच : मैदा, साखर आणि तेल किंवा वनस्पती तूप. पूर्वी वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट ही मोठी काळजी होती. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातील या घटकावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण मैदा मैदाच राहिला. १०० ग्रॅम मैद्यात कॅल्शियम जेमतेम वीस-पंचवीस मिलिग्रॅम, तर तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ तर याहून कितीतरी पुढे. शिवाय चहामुळे अन्नातले लोह अंगी नीट लागत नाही. म्हणजे पोट भरले, पण रक्ताला काही मिळाले नाही.

आता 'बिस्कीट बंद' असा हुकूम काढून मुले ऐकत नाहीत, हा सर्वांचाच अनुभव आहे. माझे मत असे, की खाऊ बंद करू नका. तो मुलांच्या हातून घरी करून घ्या. आमच्या लहानपणी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेत आणि नानकटाई भाजून आणत. पत्रा भट्टीतून बाहेर येईपर्यंत आम्ही मुले तिथून हलत नसू. स्वतः थापलेली वेडीवाकडी नानकटाई जितकी गोड लागे, तितकी विकतची कधी लागली नाही.

संक्रांतीच्या वड्यांनाही मुलांचे हात लागावेत. पण गुळाचा पाक फार तापतो आणि कातडीला चिकटतो, त्याने खोल भाजते. पाकाजवळ लहान मूल नको. नानकटाईत मात्र मुलांचे सारे काम थंड पिठाशी असते. विस्तवाचे काम शेवटी, आणि ते मोठ्यांनी करायचे.

एक वाटी कणीक, अर्धी वाटी भाजलेले नाचणीचे पीठ, पाऊण वाटी घट्ट साजूक तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे भाजलेले तीळ, पाव चमचा बेकिंग पावडर, थोडी वेलदोड्याची पूड. तूप-साखर हलके होईपर्यंत फेसावी, त्यात बाकीचे मिसळून मळावे. वीस-बावीस चपट्या गोळ्या होतात. भट्टी नको. जाड बुडाच्या कढईत जाडे मीठ पसरून दहा मिनिटे तापवावे, त्यावर लोखंडी स्टँड व तूप लावलेली ताटली ठेवून झाकावे. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत होतात. गरम असताना मऊ लागतात, निवल्यावर खुटखुटीत होतात.

काही पथ्ये सांगतो. आधी नखे कापून साबणाने हात धुवावेत. कच्चे पीठ चाटू देऊ नये. त्यातही जंतू असू शकतात. तीळ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर तीळ वगळावेत. अख्खे शेंगदाणे, काजू लहान मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात. चुकून भाजलेच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई काही लावू नये.

आणखी एक सांगितले पाहिजे. ही नानकटाईही तूप-साखरच आहे; साखरेऐवजी गूळ घातला तरी हिशोब फारसा बदलत नाही. दिवसाला दोन, त्याही जेवणानंतर, पुरेत. आणि नानकटाईने ॲनिमिया बरा होत नाही. त्या मुलाला मी लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली, चहा बंद केला आणि रोज पालेभाजी, उसळ, वर लिंबू असे सांगितले. नानकटाई फक्त बिस्किटाच्या पुड्याची जागा घेण्यासाठी.

''नोकरी करणाऱ्या बाईला एवढा वेळ कुठे?'' असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रविवारी सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसणाऱ्या वडिलांना वेळ असतो. आज हा लेख वाचून झाला की त्यांनीच मुलांना हाक मारावी आणि परात पुढे ओढावी.