कांडीवालीनं आता काय शिकावं?

परवा शहरात एका विद्वानांनी सोलापूरचं जुनं दुखणं अर्ध्या तासात निकालात काढलं. म्हणे, मजुरी कमी कारण कौशल्य कमी. यंत्र काम खात नाही, जुनं जातं नि नवं येतं. शिकेल तो टिकेल. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मागवाला एकही नव्हता. तो त्या वेळी पाळीवर असतो.

‘शिकेल तो टिकेल’! सोलापूरच्या पूर्वभागात, मागवाल्यांच्या वस्तीत येऊन हे म्हणा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत पणजा हातमागावर, आजा गिरणीत, बाप यंत्रमागावर. तीन पिढ्यांत तीनदा शिकले, तेही कुणाच्या प्रमाणपत्राशिवाय. चादरीची नक्षी कशी चढायची ते विद्वानांनी पाहिलं नसावं. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे, ओळीमागून ओळ वाचत पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते दोरीत ओवून मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवायचे. एक भोक चुकलं की मोराची मान मोडली. आता संगणकावरची फाईल इलेक्ट्रॉनिक जेकार्डला दिली की झालं. भोकं पाडणारा अडाणी होता म्हणून घरी बसला काय?

आणि कांडीवाली? धोट्यात बसणारी कांडी भरणं हे पूर्वभागातल्या कैक बायांचं काम. सूत सैल राहिलं तर कापडात दोष, ताणलं तर तुटलं. ते बोटांनाच कळतं. रॅपियर मागाला धोटाच नाही, आडवा धागा तो थेट कोनावरून ओढतो. धोटा गेला, कांडी गेली. बाईच्या बोटांत कसलीच उणीव नव्हती.

बरं, यंत्रानं मजुरी ठरते म्हणावं, तर विडी बघा. तिथं यंत्र आलंच नाही. पान भिजवायचं, साच्याबरहुकूम कातरायचं, चिमटीभर तंबाखू, वळकटी, दोऱ्याचा वेढा, तोंड दुमडायचं. हजार वळता वळता दिवस जातो, आणि वरून छाटातल्या, म्हणजे नापास ठरवलेल्या, विड्या फुकट. इतकं कौशल्य कुठल्या कार्यालयात लागतं? तरी मजुरी हजारीच्या दरानं, नि दर वळणारीच्या हाती नाही. या बायांना 1966 चा विडी कामगार कायदा मिळाला. बोटं जलद झाली म्हणून तो आला नाही.

‘नवं काम येतंच.’ येतं की, पुण्याला. खोलीचं भाडं वजा जाता काय उरतं तेवढं विचारू नका.

‘संपांनी गिरण्या बुडवल्या’ हे जुनं पालुपदही झालंच. 1982 चा संप मुंबईचा. आमची 1877 ची जुनी गिरणी 1949 मध्येच बंद पडली होती, आणि सरकारनं जानेवारी 1950 च्या अध्यादेशात कारण दिलं ते गैरव्यवस्थापनाचं. मालकांसाठी कौशल्यवर्ग काढावा असं तेव्हाही कुणाला सुचलं नाही. (हा वाद मी वीस वर्षं घालतोय, घरचेही आता ऐकत नाहीत.)

मग करायचं काय? माझ्याकडे जादूची कांडी नाही, कांड्याच गेल्यात. यंत्राला माझा विरोध नाही, बारा तास खडखडाटात उभं राहणाऱ्याला तर नाहीच. पण 1999 पासून नव्या मागांसाठी सरकारी योजनेतून मदत मिळत आली, तशी मागवाल्याच्या शिकण्याचीही सोय त्याच पैशातून हवी, पगार चालू ठेवून. माग जलद झाला म्हणून मीटरचा दर परस्पर उतरवू नये. दर लेखी असावा, कामगाराला विचारून ठरावा. एवढंच. विद्वानांना हे फार किरकोळ वाटेल.

आमच्या बोळातली कांडीवाली हल्ली शाळेच्या गणवेशांना बटणं लावते, नगावर. व्याख्यानातलं सांगितलं तर तिनं मान वर न करता विचारलं, “त्यांनी किती नग लावले म्हणं?”