रात्री साडेनऊची बॅच

परवा एका ट्रेनर मित्राच्या जिममध्ये बसलो होतो. रात्रीचे साडेनऊ. आयटीतला एक मेंबर धापा टाकत आला, प्री-वर्कआउटचा शेकर एका दमात रिकामा केला आणि मोबाइल पुढे धरला. रक्ततपासणीचा रिपोर्ट. “सर, कॉर्टिसॉल हाय आलंय. पोट त्यामुळेच सुटतंय ना?” मित्राने आकडा पाहिला, मान डोलावली आणि बर्पीचे दोन सेट वाढवले. रक्त किती वाजता काढलं होतं, हे दोघांनीही पाहिलं नाही.

कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. वेळ माहीत नसेल तर आकड्याला अर्थ नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या रिपोर्टमध्ये तर तो गोळ्यांमुळेच फुगलेला दिसतो. आणि सप्लिमेंटच्या जाहिरातींत भेटणारा ‘ॲड्रिनल फटीग’ हार्मोनतज्ज्ञांच्या लेखी आजारच नाही.

आपल्या हातात आहे तो व्यायामाचा जोर आणि त्याची वेळ. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १२ सरावातल्या पुरुषांना ३० मिनिटं व्यायाम दिला होता. कमाल क्षमतेच्या ६० आणि ८० टक्के जोराला कॉर्टिसॉल वाढलं. ४० टक्क्यांना उलट उतरलं. वाढलं तर बिघडत नाही, कष्टाच्या वेळी साखर पुरवणं हे त्याचं कामच आहे. पण दिवसभर ऑफिसात पिळून निघालेल्याला रात्री पुन्हा पिळायचं, वर कॅफिन पाजायचं (त्यातलं निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं) आणि झोप येत नाही म्हटल्यावर त्यालाच गोळ्यांची डबी विकायची, याला दुकानदारी म्हणतात. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल उतरायला उशीर लागतो. म्हणजे साडेनऊला तो पुन्हा दारात उभा राहतो, तेव्हा कालचं देणं बाकीच असतं.

खाण्याचंही तेच. भाकरी बंद, भात बंद, वर भरपूर कार्डिओ: साखर कमी पडली की कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिनं मोडून ती बनवायला लावतं. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्याला त्या आठवड्यात जड स्क्वॉट का द्यावेत, मला कळत नाही. कोल्हापूरच्या तालमीत सकाळच्या मेहनतीनंतर खुराक आणि दुपारची झोप ठरलेली असते. आपण तिथून जोर-बैठका तेवढ्या उचलल्या, झोप तिथेच ठेवली.

मित्राला मी एवढंच सुचवलं: रात्रीच्या बॅचला चालणं, मोबिलिटी, हलकी वजनं, जड दिवस शनिवारी-रविवारी सकाळी. रोज उठल्याउठल्या नाडी मोजून वहीत लिहायची. नेहमीपेक्षा ती सलग चार-पाच दिवस चढी राहिली तर सेट निम्मे. “मेंबर पळतील रे,” तो म्हणाला. पळतील काही.

खऱ्या कॉर्टिसॉलच्या दुखण्याची चिन्हं वेगळी. जिना चढताना मांड्या दगा देतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटतात. असा मेंबर दिसला की डाएट चार्ट बाजूला ठेवून डॉक्टरकडे पाठवा. अंग भरण्यासाठी कुणी दिलेल्या बिननावाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणारी पोरंही यातच येतात. त्यांत कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टिरॉइड असू शकतं. ‘आजपासून बंद कर’ असं परस्पर सांगू नका. एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. गोळ्यांची पट्टी सोबत देऊन त्याच दिवशी दवाखान्यात धाडा.