पोस्ट कोणाच्या ताब्यात?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतल्या एखाद्या जॉबवर्क शॉपमध्ये दुसरे-तिसरे व्हीएमसी आले की कॅम सॉफ्टवेअर घेण्याचा विषय निघतोच. विक्रेते येतात, लॅपटॉपवर इंपेलर फिरवून दाखवतात आणि बोलणी किमतीवर येऊन थांबतात. ज्याच्या भरवशावर मशीन चालणार, त्या पोस्ट प्रोसेसरबद्दल मात्र एकच वाक्य कानावर पडते, ‘फानुकचा पोस्ट देऊ की!’ आमचे म्हणणे असे की, खरेदीची खरी चर्चा इथून सुरू व्हावी.

याचे कारण टूलपाथमध्येच आहे. रफिंगच्या ज्या पद्धतीने एकेकाळी महागडी सॉफ्टवेअर वेगळी उठून दिसत, ती आता सर्वत्र मिळते. भरीव धातूत खाच पाडताना एंडमिलचा १८० अंशांचा भाग धातूत असतो. स्टेपओव्हर व्यासाच्या १० टक्के ठेवला, तर हाच कोन सुमारे ३७ अंशांवर येतो आणि पूर्ण लांबीच्या धारेने खोल कट घेता येतो. चिपही पातळ होते, त्यामुळे तीच जाडी राखायला फीड साधारण १.६७ पट वाढवता येतो. कोपऱ्यातही हा कोन वाढू न देणारे टूलपाथ मास्टरकॅम, फ्यूजन, पॉवरमिल आणि कॅमवर्क्स या सगळ्यांत आहेत, फक्त नावे वेगवेगळी. पाच अक्षांचे काम किंवा किचकट डाय-मोल्ड करणाऱ्यांना आजही फरक जाणवेल. पण ब्रॅकेट, हाउसिंग, फिक्स्चर प्लेट करणाऱ्या शॉपने निव्वळ टूलपाथ पाहून निवड करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

पोस्टमध्ये मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. फानुक कंट्रोलरवर एक्स शंभर दशांश चिन्हासह लिहिले तर टेबल १०० मिलिमीटर सरकते. चिन्ह राहिले आणि पॅरामीटर तसा लावलेला असेल, तर तोच आकडा शंभर मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर म्हणून वाचला जातो. जी-कोडला आयएसओ ६९८३ हे मानक आहे, पण बरेचसे एम-कोड मशीन बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. म्हणून रोटरी टेबलाचा क्लॅम्प, प्रोब, आतून येणारे कूलंट यांचे कोड एकाच कंट्रोलरच्या दोन मशीनवरही निराळे निघू शकतात. जुन्या मशीनची मेमरी तोकडी असते. तिथे पोस्टने कंसाचे बारीक सरळ तुकडे पाडले, तर प्रोग्रॅम फुगतो आणि मशीन प्रत्येक वळणावर अडखळते. मग सेटर प्रत्येक प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्त करतो. एखाद्या रात्रपाळीत त्यातली एक ओळ राहून जाते आणि टूल व्हाइसमध्ये घुसते. सॉफ्टवेअरच्या सिम्युलेशनमध्ये सगळे हिरवे दिसलेले असते, कारण ते बहुधा पोस्ट होण्याआधीचा टूलपाथ दाखवते.

दुसरा मुद्दा मालकीचा. पॉवरमिल बनवणारी डेलकॅम २०१४ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली, त्याच वर्षी एजकॅम बनवणारी व्हेरो हेक्सागॉनकडे. कॅमवर्क्स बनवणाऱ्या, गोदरेज समूहातून उभ्या राहिलेल्या आपल्या जिओमेट्रिकचा व्यवसाय एचसीएलने घेतला आणि २०२१ मध्ये मास्टरकॅम सँडविकच्या छत्राखाली आले. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमस्वरूपी लायसन्स विकणे थांबवले. फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक आवृत्तीतून २०२० मध्ये रॅपिड हालचाल आणि आपोआप टूल बदलणे काढून घेतले गेले. या निर्णयांवर चाकणच्या लघुउद्योजकाचा काडीचाही ताबा नाही. त्याच्या हातात राहू शकते ते एवढेच: आपल्या मशीनवर घासूनपुसून पक्का केलेला पोस्ट, आणि कुठल्या धातूला कुठला फीड चालला याची नोंद असलेली टूल लायब्ररी. पोस्ट कुलूपबंद असेल, तर दर बदलाला विक्रेत्याची वाट पाहावी लागते आणि सॉफ्टवेअर बदलताना त्यात साठलेली माहितीही हातची जाते.

यावर काही जण म्हणतील, मोठा ग्राहक जे सॉफ्टवेअर वापरतो तेच घ्यावे. मॉडेल एकाच फॉरमॅटमध्ये हाताळता येते, हा फायदा खराच. पण स्टेप फाइल बहुतेक सगळीकडे उघडते आणि ग्राहकाचा पोस्ट आपल्या मशीनसाठी लिहिलेला नसतो. केवळ बुश आणि पिन काढणाऱ्या टर्निंग शॉपला कॅमची गरजच नाही, हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. कंट्रोलरवरच्या सायकल त्याला पुरतात. क्रॅक कॉपीने काम भागते, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. कायद्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय पोस्ट अडला तर विचारायचे कोणाला?

लहान शॉपचे विक्रेता ऐकणार नाही, ही शंका सर्वांत रास्त. पण पर्चेस ऑर्डर हातात पडेपर्यंत तो ऐकतो, म्हणून अटी तिथेच लिहाव्यात. आपलाच नेहमीचा अवघड जॉब निवडावा, प्रोग्रॅम विक्रेत्याच्या माणसाने आपल्या प्रोग्रॅमरसमोर करावा आणि तो एकही ओळ हाताने न बदलता आपल्या मशीनवर चालावा. आधी ड्राय रन, मग धातूत. पोस्टची फाइल कुलूप न लावता, बदलण्याच्या हक्कासह मिळावी. नवे व्हीएमसी आल्यावर पोस्टचे किती पैसे पडतील, तेही आजच लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता पहिला नग इन्स्पेक्शनमध्ये पास झाल्यावरच द्यावा.