ज्याने वर नेले, त्याने खाली आणावे



आपले गाव कळसूबाईच्या पायथ्याला आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. पुस्तकात ते आपण वाचतो आणि वर्गाच्या खिडकीतून रोज बघतो.

दसरा झाला की पाऊस उघडतो. भात पिवळे होते. थंडी पडायला अजून अवकाश असतो. आभाळ स्वच्छ असले म्हणजे वरून भंडारदऱ्याचे पाणी आणि अलंग, मदन, कुलंग हे गड दिसतात. म्हणून या दिवसांत शनिवारी-रविवारी शहरातले पाहुणे डोंगर चढायला येतात. ते बिस्किटे टाकतात, म्हणून गावातली कुत्री त्यांच्या मागे जातात. कुत्रा सोबत असला की चालायला गंमत येते, असे पाहुणे म्हणतात. ते खरे आहे. मलापण मोत्याबरोबर रानात फिरायला लय आवडते. पण कुत्र्याला लोखंडी शिडीच्या वर नेऊ नये, असे माझे मत आहे. का ते सांगतो.

गेल्या वर्षी आमची भाताची सोंगणी चालली होती. घरचे सगळे वावरात होते. मोत्या मोकळाच होता. तो पाहुण्यांच्या मागे गेला. कुत्र्याला शिडी चढता येत नाही. मग एका पाहुण्याने त्याला खांद्यावर घेऊन वर नेले आणि त्याच्यासोबत फोटो काढले. उतरताना अंधार पडायला लागला. पाहुणे भराभर उतरले. मोत्या वरच राहिला.

रात्री मोत्या भाकरीला आला नाही. आपल्या रानात बिबट्या आहे आणि बिबट्या कुत्रा उचलतो, हे सर्वांना माहीत आहे. मला झोप आली नाही. पहाटे मी चुलत्याबरोबर गेलो. मोत्या शिडीच्या वरच्या तोंडाशी बसून कुंईकुंई करत होता. चुलत्याने त्याला घोंगडीत बांधून पाठीवर घेतले आणि एकेक पायरी उतरवले. त्याचे पंजे खडकाने सोलले होते. अंगभर कुसळे टोचली होती. दोन दिवस तो भुंकलाच नाही.

दुसरे कारण असे. आपल्यासारखा कुत्र्याच्या अंगाला घाम सुटत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. दसऱ्यानंतर दुपारी खडक तापतात. आपल्या पायात चपला असतात, त्याच्या पायात काही नसते. पाहुणे त्याला बिस्किटे देतात, पण पाणी द्यायचे विसरतात.

तिसरे कारण रानातल्या जनावरांचे आहे. आपला डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली झाले. रानात ससे आहेत, शेकरू आहे. मोकळा कुत्रा त्यांच्या मागे धावतो. रान त्यांचे घर आहे.

माझा आजा म्हणतो, "पाहुण्यांना बोलू नये. त्यांच्यामुळे चहा-जेवणाचे चार पैसे मिळतात." ते बरोबर आहे. माझी आईपण पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून देते. पण गोड बोलून सांगितले तर कोणी रागावणार नाही, असे मला वाटते. आणि सगळी चूक पाहुण्यांची नव्हती. मी मोत्याला बांधून गेलो असतो तर तो गेलाच नसता. ती माझी चूक झाली.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. शनिवारी-रविवारी आपण आपापली कुत्री सावलीत बांधावी आणि जवळ पाणी ठेवावे. दरवर्षी त्यांना पिसाळीची लस टोचून घ्यावी. आणि आपल्या वर्गाने एक पाटी रंगवून वाटेच्या सुरुवातीला लावावी. पाटीवर लिहावे, 'कुत्र्याला बिस्किटे घालून वर नेऊ नका. ज्याने वर नेले, त्याने खाली आणावे.'

आता मोत्या बरा आहे. मी त्याला ओढ्यापर्यंत फिरायला नेतो, पण दोरी धरून. पाटीसाठी फळी माझा चुलता देणार आहे. रंग कोण देईल?

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी