आकडा येत नाहीये!

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जण नुसत्या ब्लॅक कॉफीवर जिमला जातात? लाजू नका, मीही त्यातलीच. ‘रिकाम्या पोटी जास्त चरबी जळते’ हा फंडा मला कुणीतरी ऑफिसच्या कँटीनमध्ये दिला होता आणि मी तो सॉलिड मनावर घेतला होता.

मग आली संकष्टी. आईनं दुपारी साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती, पण डेडलाइनपुढे खिचडी कोण विचारतो? दिवसभरात तीन चहा आणि मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी सातला स्पिनिंगचा क्लास. अंधारी खोली, धडधडणारं रिमिक्स, वीस सायकली आणि समोर ‘पुश, पुश!’ करून ओरडणारा इन्स्ट्रक्टर. अर्ध्या तासानं मनगटावर पाहिलं तर ठोके १७८. काय खूश झाले मी! गाणं संपलं, मी पाय थांबवून झटकन खाली उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी. पुढची दहा मिनिटं मी जमिनीवर बसून कुणीतरी आणून दिलेलं लिंबू सरबत पीत होते. चंद्रोदयाची वाट बघायची गरजच पडली नाही.

‘मॅडम, काय खाल्लं होतं?’ इन्स्ट्रक्टरनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर जरा अभ्यास केला. आपल्या स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. जोरात पेडल मारताना शरीर आधी त्यालाच हात घालतं. यकृतातला साठा तर तुम्ही झोपलेले असतानाही मेंदूसाठी खर्च होत असतो. म्हणजे दिवसभर उपाशी राहून क्लासला जाणं म्हणजे पेट्रोलचा काटा लाल रेघेवर असताना घाट चढायला घेणं. त्यात मी पाणी कमी प्यायलेली आणि वर एकदम थांबलेली. जोरात पेडल मारून अचानक थांबलं की रक्त पायांतच साचतं, डोक्याकडे कमी जातं. म्हणून शेवटची पाच मिनिटं हलके पाय फिरवायचे असतात. आपण नेमके तेव्हाच पार्किंगकडे पळतो.

खाण्याचं गणित तसं सोपं आहे. पाऊण तासाच्या क्लाससाठी तास-दीड तास आधी एक केळं किंवा वाटीभर पोहे पुरे, आणि सोबत पाण्याची बाटली. मध्ये काही खायची गरज नाही. तासापेक्षा जास्त चालवणार असाल, तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. परदेशी जेलची महागडी पाकिटं हवीत असं नाही. चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत आणि दोन-चार खजूर हेच काम करतात.

आणि सायकलच्या स्क्रीनवरच्या कॅलरीज? त्यांच्याकडे बघून जिलेबी खाऊ नका. आमच्या जिममधली जुनी सायकल मला पाऊण तासाला ६२० कॅलरीज दाखवायची. मग वॅट मोजणारी नवी आली. आपलं शरीर जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे पेडलवर जितके किलोज्यूल काम, साधारण तितक्याच कॅलरीज खर्च. माझी सरासरी निघाली ११० वॅट. म्हणजे पाऊण तासाला ३०० च्या आसपास. एक वडापाव, बस्स.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी घरी सायकल चालवायला परवानगी दिली. मी उत्साहात व्यायामाची सायकल आणली, छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा आणला आणि बाबांना नवं ज्ञान पाजलं. २२० वजा वय ६१ म्हणजे १५९, त्याचे सत्तर टक्के म्हणजे १११. एका कागदावर ठळक ‘११०’ लिहून तो भिंतीवर चिकटवला. मीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करत बाल्कनीत आले तर बाबांचा चेहरा लालबुंद, बनियन घामानं चिंब, पंखा बंद. (वारं लागतं ना!) घड्याळात ठोके ९२. बाबा सायकलचा नॉब आणखी आवळत होते.

‘बाबा, थांबा.’

‘आकडा... येत नाहीये...’

तीन शब्दांचं वाक्य, आणि त्यांना मध्ये श्वास घ्यावा लागला. हळूहळू पाय थांबवायला लावले, पंखा लावला, शेजारी बसून राहिले. माझे स्वतःचे ठोके तेव्हा किती असतील, देव जाणे.

डॉक्टरांना फोन केला. बाबांना बीटा ब्लॉकर गटातली गोळी सुरू आहे. ही गोळी हृदयाचे ठोके वाढूच देत नाही, ते तिचं कामच आहे. म्हणजे बाबांनी कितीही जोर लावला असता तरी माझा ११० चा आकडा येणं कठीण होतं. आणि तो येईपर्यंत थांबायचं नाही, असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. ‘हा आकडा कुणी काढून दिला?’ डॉक्टरांनी विचारलं. मी गप्प.

तसंही ते २२० चं सूत्र सरासरीचं आहे. गोळी न घेणाऱ्या तुमच्या-माझ्यातही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय घरात सायकल जागची हलत नाही, समोरून वारा येत नाही, घाम वाळत नाही. मग शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि तेवढ्याच जोरालाही ठोके चढत जातात. म्हणजे पंखा ही चैन नाही.

डॉक्टरांनी बाबांना पट्टा काढायला सांगून दुसरीच मोजपट्टी दिली. गुन्नर बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं बनवलेली, ६ ते २० आकड्यांची. किती दमल्यासारखं वाटतंय, ते तुम्हीच सांगायचं. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे आता प्राण जातो. सहापासूनच का? तर आकड्याला दहानं गुणलं की निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण निघतात, ६० ते २००. बाबांना ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलंय. खूण सोपी : बोलता आलं पाहिजे, पूर्ण वाक्यात. आणि भरल्या पोटी बसायचं नाही, उपाशीही नाही. आई अर्धी वाटी उपमा देते, तासाभरानं सायकल.

भिंतीवरचा माझा कागद गेला. तिथं आता बाबांच्या अक्षरातला कागद आहे. तरुणपणी ते पेठेतून पिंपरीच्या कारखान्यात सायकलनं जायचे, त्यामुळे मोजपट्टीही त्यांचीच. ९ : रविवारी सकाळचा लक्ष्मी रोड. १३ : जंगली महाराज रस्ता, समोरून वारा. १७ : कात्रजचा घाट. २० : साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय.

काल लॅपटॉप घेऊन शेजारी बसले होते. ‘बाबा, कितीवर?’ विचारलं.

‘बारा,’ ते म्हणाले, आणि दापोडीच्या पुलावर सायकल पंक्चर झाली, थर्ड शिफ्ट चुकली आणि पगार कापला गेला, ती गोष्ट सुरू केली. ही मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे. एकदाही न धापता, पंक्चरवाल्याच्या नकलेसकट, त्यांनी ती शेवटपर्यंत सांगितली. मी मध्ये बोलले नाही.