वाढत्या मापाची सायकल नको!

मुलांनो, एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. तेव्हा लहान मुलं मोठ्यांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून पायडल मारायची! नवी सायकल घेताना आई-बाबा म्हणतील, "एक माप मोठीच घेऊ, जास्त वर्षं चालेल." गणवेश दुमडता येतो हो, सायकलीची दांडी कशी दुमडणार? लक्ष्मी रोडवर अचानक ब्रेक लावला, की पाय जमिनीला पुरायलाच हवेत. म्हणून दुकानातच दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा. टाचा टेकलेल्या असताना दांडी अंगापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिली, तर माप बरोबर. मुलांच्या सायकलींत २० इंच, २४ इंच हे माप चाकाचं असतं, नुसत्या त्यावर जाऊ नका. उंची वाढली की सीट वर घ्या. सीटच्या नळीवर खूण असते, तिच्या पलीकडे मात्र नळी उचलू नका.