सुई टोचण्याआधी नवऱ्याचं रक्त तपासलं का?

गरोदर बाईच्या पोटात सुई घालून गर्भजल काढायचं म्हटलं की सासू म्हणते पोर पडेल, आणि शेजारी म्हणतात मुलगा-मुलगी बघायला गेले. गर्भलिंग तपासणीला राज्यात १९८८ ला आणि देशात १९९४ ला कायद्याने चाप बसला. आजार शोधायला मात्र तोच कायदा परवानगी देतो.

धडगाव, अक्कलकुव्यात हा प्रश्न सिकलसेलमुळे येतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नवऱ्याच्या रक्तात दोष नसेल तर बाळाला आजार होत नाही, मग सुईची गरजच काय? पण आपल्याकडे बाईचं रक्त तिसऱ्या महिन्यात तपासतात आणि नवरा ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेला. तो येईपर्यंत पाचवा महिना उजाडतो. नवऱ्याची साधी चाचणी करून भागत नाही, एचपीएलसी करायला लावा, म्हणजे थॅलेसेमियाही कळतो.

आता सुईचा धोका. अनुभवी डॉक्टरच्या हातून या तपासणीमुळे गर्भपात होण्याचं प्रमाण दोनशेत एक किंवा त्याहून कमी धरतात. वारेचा तुकडा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात घेतात, गर्भजल पंधराव्यानंतर. त्याआधी घाई केली तर बाळाच्या हातापायात दोष राहू शकतो. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विचारून घ्या. घरी आल्यावर पाणी गळलं, रक्त गेलं, ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

माझ्या मते आपल्या भागात सुईपेक्षा उशीर जास्त घातक आहे. अशी तपासणी करणारी सरकारी संस्था मुंबईत परळला, केईएमच्या आवारात. जाणं-येणं, अहवालाची वाट, यात आठवडे जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही चोवीस आठवड्यांपुढे गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडेच जातो.

आणि संमतीचा कागद. सगळे धोके बाईला तिला कळणाऱ्या भाषेत सांगायचे, लेखी संमती घ्यायची आणि प्रत तिच्या हातात द्यायची, असं कायदा म्हणतो. धडगावच्या बाईसाठी ती भाषा पावरी आहे. अंगठा उठवण्याआधी ते वाचून दाखवायला सांगा, आणि प्रत घेऊनच उठा.